सत्कारमूर्तींना कसंतरी होतंय

दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय पापणी लवायच्या आत घेणारा माणूस स्वतःच्या शर्टाचा निर्णय घ्यायला किती वेळ लावतो, हे पाहायचं असेल तर त्या सकाळी डॉक्टरांच्या घरी असायला हवं होतं. पलंगावर तीन शर्ट आडवे पडले होते आणि डॉक्टर त्यांच्यापुढे हात मागे बांधून उभे होते. जणू तिघांनाही एकाच अपघातातून आणलंय आणि आधी कोणाची नाडी बघावी तेच कळत नाहीये.

"निळा घाला," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"निळा का?"

"मग पांढरा घाला."

"पांढरा का?"

"मग तसेच जा. फोटो मात्र कमरेच्या खालचा काढायला सांगा."

बायकोनं सगळी हयात शाळेत गणित शिकवण्यात घालवली होती. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते चौकटीत लिहायचं असतं, यावर तिची श्रद्धा. निळा शर्ट तिनंच आजच्या दिवसासाठी आणलेला होता, तेव्हा उत्तर निळा हेच होतं. डॉक्टरांनी तो घातला, आरशात पाहिलं आणि विचारलं, "पांढरा कसा वाटेल गं?"

खरा घोळ शर्टाचा नव्हताच. आज डॉक्टरांचा इस्पितळातला शेवटचा दिवस होता, संध्याकाळी निरोप समारंभ होता, आणि शेवटचा दिवस खरोखरच शेवटचा आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात अधीक्षकांनी त्यांना खोलीत बोलावून, दार लावून घेऊन सांगितलं होतं, "तुम्ही पूर्ण जाऊच नका. आठवड्यातून तीन दिवस या. मानद सल्लागार म्हणून. काम काही नाही, नुसते बसून राहा. काय आहे, तुम्ही दिसलात की लोकांना धीर येतो." उत्तर समारंभापर्यंत हवं होतं. हो असेल तर अधीक्षकांना ती बातमी भर सभेत फोडायची होती. त्यांना बातम्या फोडण्याची भारी हौस.

तेव्हापासून डॉक्टरांचं मन नुसतं हेलकावे खात होतं. दाढी करताना 'हो' ठरायचं आणि अंगावर पाणी घेतलं की 'नाही' ठरायचं. जेवताना पुन्हा 'हो'. रात्री कूस बदलली की उत्तरही कूस बदलायचं. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा." संसारात मुरलेल्या कोणालाही विचारा, या वाक्याइतकं स्फोटक वाक्य दुसरं नाही. डॉक्टरांनी त्याचे सतरा अर्थ लावून पाहिले. निम्म्यांचा निष्कर्ष तिला नवरा घरी हवाय असा निघाला, उरलेल्या निम्म्यांचा तो अजिबात नकोय असा.

ज्या जागेसाठी हा जीव टांगणीला लागला होता, ती जागा म्हणजे इस्पितळाच्या तळमजल्यावरचा आपत्कालीन विभाग. एक डझन खाटा, त्यांच्यामध्ये हिरवे पडदे. पडदा सरकवला की वरच्या कड्या अशा किंचाळत की दुखणं विसरून पेशंट वर बघे. दोन झडपांचं दार, त्याला पाठ लावून रुग्णवाहिका उभी राहायची. या एवढ्या जागेत डॉक्टरांचे काळ्याचे पांढरे झाले होते. आवाज असा, की त्यांनी तळमजल्यावर "सलाइन!" म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणी दचकत. त्यामुळे पाठीमागे त्यांचं नाव 'तोफ'. तोंडावर अर्थात 'सर'. एकदा विभागातल्या मामांनी फोनवर कुणाला तरी सांगितलं, "तोफ जेवायला बसलीय, नंतर करा." शेजारीच डबा खात असलेले डॉक्टर म्हणाले, "जेवण झालं म्हणावं तोफेचं. आण इकडे." मामा म्हणजे स्ट्रेचर ढकलणारे, पेशंट उचलणारे, रडणाऱ्या नातेवाइकांना पाणी देणारे विभागातले जुने सेवक. त्यानंतर आठवडाभर ते डॉक्टरांसमोर फक्त खुणांनी बोलले.

डॉक्टर ओरडत खूप, पण शिकवतही तितकंच. त्यांचा सगळ्यात लाडका धडा 'कसंतरी'चा होता. नव्या पोरापोरींना उभं करून ते सांगत, "पेशंट 'इथं दुखतंय' म्हणून बोट ठेवतो ना, त्याची निम्मी काळजी मिटली. पण जो छातीवर अख्खा पंजा ठेवून 'कसंतरी होतंय' म्हणतो, त्याला आधी आडवा करा, छातीला यंत्राच्या तारा लावा, सुई घाला. चर्चा नंतर. मग तो कुणीही असो आणि कितीही नको म्हणो." यामागे एका घड्याळजीची हकिगत होती. शेजाऱ्याचा हात मोडला म्हणून घड्याळजी सोबत आला होता. "तुम्ही याचं बघा, मला जरा कसंतरी होतंय, मी बाहेर बसतो," एवढंच म्हणाला आणि निघाला. डॉक्टरांनी त्याला दारातून ओढून खाटेवर घातला. थोड्याच वेळात त्याचं हृदय थांबलं, आणि खाटेवर होता म्हणूनच परत चालू झालं. शेजारी मात्र आपल्या मोडक्या हाताकडे कुणी बघितलं नाही म्हणून रागावून गेला.

समारंभ प्लास्टरच्या खोलीत ठेवला होता. वरच्या मजल्यावर चांगलं सभागृह होतं, पण विभाग सोडून वर जाणार कोण? म्हणून जिथं एरवी मोडलेले पाय पांढरे करतात त्या टेबलावर चादर घातली, वर केक ठेवला, भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राला कुणीतरी फुगा बांधला. बायको पुढच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन, परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला बसावी तशी बसली. आणि भाषणं सुरू झाली.

पण आपत्कालीन विभागातलं भाषण ते. ते पुरं कसं होणार?

पहिल्या उठल्या मोठ्या सिस्टर. डॉक्टरांबरोबर त्यांनी इतकी वर्षं काढली होती की त्यांची भांडणंसुद्धा आता दोघांना पाठ होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर माझ्यावर रोज ओरडले. फक्त एक दिवस ओरडले नाहीत, आणि त्या दिवशी..." बाहेर घंटा वाजली. सिस्टर गेल्या. त्या दिवशी काय, ते कुणालाच कळलं नाही. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनाही आठवेना.

मग मामा. "साहेबांनी माझी नोकरी वाचवली. म्हणजे झालं काय, मी त्या दिवशी जे केलं होतं ते..." "मामा, स्ट्रेचर!" मामा गेले. मामांनी काय केलं होतं, यावर मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

पूर्ण भाषण एकट्या हाडांच्या डॉक्टरांचं झालं, कारण त्यांना कुणी बोलावलंच नाही. त्यात डॉक्टरांचा उल्लेख दोनदा आला. बाकी सगळं गुडघ्याविषयी होतं.

डॉक्टर ऐकत होते आणि डोक्यातला गुंता वाढत होता. आयुष्यभर काय केलं याचा हिशोब आज ऐकायला मिळेल, त्यावरून राहायचं की जायचं ते ठरवू, असा त्यांचा बेत होता. पण हिशोबाची प्रत्येक ओळ मध्येच तुटत होती. तेवढ्यात दारात छोटी डॉक्टर दिसली. एक पाय खोलीत, एक बाहेर. ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, चणीनं एवढीशी, आणि उद्यापासून विभाग तिच्या ताब्यात. परवा त्यांनी तिला आडून विचारलं होतं, "मी येत राहिलो तर कसं?" ती म्हणाली, "बरंच होईल की सर," आणि तिच्या हातातलं पेन खाली पडलं. आता पेन आनंदानं पडलं की धसक्यानं, हे कोणत्या पुस्तकात बघायचं?

"आणि आता," अधीक्षक हात चोळत उभे राहिले, "सत्कारमूर्ती स्वतःच आपल्याला एक गोड बातमी देणार आहेत!"

टाळ्या पडल्या. डॉक्टर उठले. समोर अधीक्षकांचं हसू, त्याच्या शेजारी बायकोचा कोरा चेहरा. दारात छोटी, तिच्या मागून मान लांब करून बघणाऱ्या सिस्टर. डॉक्टरांनी तोंड उघडलं. 'हो' ओठापर्यंत आलं आणि परत गेलं. 'नाही' आलं, तेही परत गेलं. तोंडाला कोरड पडली, कपाळावर घाम आला. कानात काहीतरी गुणगुणायला लागलं. तळहात आपोआप छातीवर गेला आणि तोफेच्या तोंडून मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला.

"मला... कसंतरी होतंय."

मग टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच पुढे झाले. एकानं डोकं धरलं, एकानं पाय. केक खिडकीत गेला आणि डॉक्टर प्लास्टरच्या टेबलावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून चार नंबरच्या खाटेवर, असे हातोहात गेले. "अरे, मला काही झालेलं नाही!" ते म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी मोठी कात्री काढून निळा शर्ट खालपासून गळ्यापर्यंत उभा कापला.

"बटणं होती हो त्याला!" बायको म्हणाली.

"बटणांना वेळ लागतो बाई."

तारा लागल्या, दंडाला पट्टा लागला, सुई गेली. छोटी डॉक्टर खाटेपाशी उभी राहिली. "सर, काय होतंय? नीट सांगा."

आता बघा, आयुष्यभर ज्या पेशंटांवर डॉक्टर खेकसत आले होते, की "मुद्द्याचं बोला, गोष्टी नका सांगू," तसेच ते अगदी हुबेहूब बोलायला लागले. "म्हणजे दुखत नाहीये. पण दुखत नाहीये असंही नाही. सकाळपासूनच जरा... म्हणजे शर्ट निवडताना... नाही, त्याच्याही आधी, गेल्या आठवड्यात अधीक्षकांनी बोलावलं ना, तेव्हा..."

"सर, दुखतंय का? हो की नाही?"

"तेच तर कळत नाहीये!" डॉक्टर कळवळून म्हणाले. कुठल्या प्रश्नाचं उत्तर आपण दिलं, हे त्यांनाही कळलं नाही.

हृदयाचा कागद निघाला. छोटीनं तो पाहिला, हृदयवाल्या डॉक्टरांना फोन करून वाचून दाखवला. एका जागी रेघ जराशी वाकडी होती. ती जुनीच वाकडी आहे की आज झाली? जुना कागद असता तर ताडून पाहता आला असता. पण लोकांच्या छातीचे हजारो कागद काढणाऱ्या या माणसानं स्वतःचा एकही काढलेला नव्हता. "रक्ताची तपासणी आत्ता एकदा, थोड्या वेळानं पुन्हा एकदा," छोटी म्हणाली. "दोन्ही बरोबर आल्याशिवाय घरी सोडायचं नाही. नियम आहे."

"कुणी केला हा नियम?" बायकोनं विचारलं.

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं.

अशा रीतीनं सत्कारमूर्ती आपल्याच विभागात चार नंबरवर पडून राहिले. इथं त्यांनी अर्धं आयुष्य उभ्यानं काढलं होतं, पण खाटेवरून हा विभाग कधी पाहिला नव्हता. दिवा नेमका डोळ्यांवर येत होता. भिंतीवरचं घड्याळ डोक्याच्या मागे होतं, त्यामुळे किती वाजले ते पेशंटाला सोडून बाकी सगळ्यांना दिसत होतं. आणि कुणीही जवळून जाताना "आलेच हं" म्हणत होतं आणि येत नव्हतं. हे 'आलेच हं' आपण किती जणांना म्हटलं असेल? डॉक्टर आठवायला गेले आणि घाबरून थांबले.

बाहेर मात्र निरोप समारंभ चालूच होता. खिडकीतल्या केकचे तुकडे कागदावर घेऊन लोक एकेक करून खाटेशी यायला लागले. मामा आले, डोळ्यांत पाणी. "साहेब, मघाशी राहिलं. मी त्या दिवशी..." एवढं म्हणताच शेजारच्या पडद्यावर, म्हणजे यंत्राच्या पडद्यावर, डॉक्टरांच्या ठोक्यांचा आकडा चढला आणि यंत्र टुणटुण वाजायला लागलं. सिस्टर धावत आल्या. "मामा, कृतज्ञता नंतर! ठोके बघा!" मामांना हाकललं. मागून आलेल्यांना त्यांनी पडद्याबाहेरच अडवलं. "कुणीही चांगलं बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर हवापाण्याचं बोला."

हे यंत्र म्हणजे नवीच भानगड होती. आजवर डॉक्टर मनातलं मनात ठेवू शकत होते. आता आत जरा काही हललं की आकडा सगळ्यांसमोर. अधीक्षक हळूच आत आले, इकडेतिकडे बघून कुजबुजले, "बरं वाटलं की मग... येणार ना तीन दिवस?"

टुणटुणटुण.

"बघा, हृदयच हो म्हणतंय!" अधीक्षक खुशीत आले.

बायको खाटेच्या पलीकडे बसली होती. तिनं चष्मा सारखा केला. गणितवाल्या बाईला पुरावा एकाच बाजूनं तपासलेला चालत नाही. तिनं नवऱ्याकडे वाकून विचारलं, "आणि घरी येणार का? कायमचे?"

टुणटुणटुणटुण.

दोघंही आकड्याकडे बघत राहिले. सारखाच होता. "याला काही अर्थ नाही," बायको म्हणाली. डॉक्टरांना तेच म्हणायचं होतं. त्यांना आता छातीत खरंच काहीतरी वाटत होतं, पण ते दुखणं होतं, भूक होती की सुई टोचल्याची जागा होती, हे सांगता येईना. कुणी त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी पुन्हा तोच एक शब्द सांगितला असता आणि आणखी एक सुई ओढवून घेतली असती. म्हणून ते गप्प बसले.

तेवढ्यात दाराच्या झडपा धाडकन उघडल्या.

रंगारी होता. इमारतीच्या बाहेरून रंग देताना त्याचा ब्रश गांधीलमाशांच्या पोळ्यात गेला होता. पाचव्या खाटेवर, म्हणजे डॉक्टरांच्या अगदी शेजारी, त्याला आणून टाकलं. मधला पडदा पुरता ओढलाच गेला नाही. डॉक्टरांना फटीतून दिसलं. डोळे सुजून बंद झालेले, ओठ टरारलेले, अंगावर निळ्या रंगाचे शिंतोडे आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी. ती शिट्टी ऐकली आणि डॉक्टरांच्या डोक्यातला सगळा गोंधळ एकदम पुसला गेला. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना काहीतरी स्वच्छ कळत होतं.

"मांडीत इंजेक्शन!" ते झोपल्या झोपल्या गरजले.

"दिलंय, सर," पडद्यापलीकडून छोटी म्हणाली.

"ऑक्सिजन!"

"लावलाय."

शिट्टी बारीक होत चालली होती. म्हणजे आराम पडत नव्हता, श्वासाची वाटच मिटत चालली होती. "दुसरा डोस दे! थांबू नकोस! अगं, वाट कसली बघतेस?" पलीकडून उत्तर आलं नाही. डॉक्टरांना राहवेना. ते उठून बसले, छातीवरच्या तारा एका हिसड्यात उपटल्या आणि पाय खाली टाकले.

तारा निघाल्या, तशी त्यांच्या यंत्रावर सरळ रेघ आली. हृदय बंद पडल्यावर येते तशी. आणि यंत्रानं असा काही टाहो फोडला, की विभागातल्या प्रत्येकाला आयुष्यभर ज्या आवाजावर धावायला शिकवलं होतं तोच हा आवाज.

सगळे धावले. शिकवणंच तसं होतं. रंगाऱ्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा धरलेल्या सिस्टरांचा हात सुटला आणि त्या वळल्या. मामा रंगाऱ्याचे खांदे सोडून उडी मारून इकडे आले. छोटीच्या हातात दुसरा डोस भरलेली सुई होती. तिचीही मान वळली. खाट चारवर एक धडधाकट माणूस उघड्या अंगानं पाय लोंबकळत बसला होता, आणि सगळा विभाग त्याच्याकडे बघत होता. खाट पाचवर शिट्टी थांबली होती.

"सर, झोपा!"

तो आवाज कुठून आला, हे क्षणभर कुणालाच कळलं नाही. एवढ्याशा अंगातून एवढा आवाज निघतो, हे छोटीलाही बहुतेक माहीत नव्हतं. "आडवे व्हा आणि तोंड बंद! तुमच्याकडे बघण्यात हा जाईल! सिस्टर, मुखवटा! मामा, खांदे!" असं म्हणता म्हणता सुई रंगाऱ्याच्या मांडीत गेलीसुद्धा.

दुसऱ्या मजल्यावर कुणी दचकलं की नाही ते कळायला मार्ग नाही. तळमजल्यावर डॉक्टर मात्र आडवे झाले. त्यांनी उपटलेल्या तारा स्वतःच चाचपडत छातीला परत लावल्या. दोन चुकीच्या जागी लागल्या, त्यामुळे यंत्रावर काहीतरी अगम्यच उमटायला लागलं, पण कुणी तिकडे पाहिलं नाही. पडद्यापलीकडे पावलं, बारीक बारीक हुकूम, "धरा", "अजून थोडं", "दादा, श्वास घ्या, घ्या, हां असा". बऱ्याच वेळानं शिट्टी परत सुरू झाली. मग जाड झाली. मग खोकला आला, आणि खोकल्यापाठोपाठ एक घोगरा आवाज, "माझी शिडी कुठाय?"

पलीकडे सिस्टर हसल्या. डॉक्टरांनी छताकडे बघत डोळे मिटले. बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला होता, तो केव्हा ठेवला ते त्यांना कळलं नव्हतं.

"ती दुसरा डोस भरतच होती," डॉक्टर हळू म्हणाले. "मी ओरडायच्या आधीच."

"मला दिसत होतं इथून," बायको म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी ऐकलंय का कुणाचं, ओरडत असताना?"

दुसरी तपासणी बरोबर आली. छोटी डॉक्टर कागद घेऊन आली, तेव्हा तिच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. "सर, मघाशी मी..." ती अडखळली.

"मुद्द्याचं बोल."

"रक्त ठीक आहे. रेघ बहुतेक जुनीच. हृदयवाल्यांनी आठवड्यानं बोलावलंय. पण नेमकं काय झालं होतं, ते मला सांगता येत नाही."

"मलाही नाही," डॉक्टर म्हणाले. "तसंच लिही. उगीच काहीतरी नाव देऊ नकोस."

एवढ्यात अधीक्षक लगबगीनं आले. मामा, सिस्टर, आणखी दोघंचौघं पडद्यापाशी गोळा झाले. "सगळं उत्तम ना? छान! मग डॉक्टर, ती बातमी... आता सांगून टाकूया?"

डॉक्टरांनी त्या घोळक्याकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. खाट पाचकडे, सातकडे, दाराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मी येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

यंत्र टुणटुणायला लागलं. सिस्टरांनी हात लांब करून ते बंदच करून टाकलं.

"पण का?" अधीक्षकांचा चेहरा पडला. "काम काहीच नव्हतं हो! नुसतं दिसायचं होतं."

"तेच नको. मी दिसलो की हे सगळे माझ्याकडे बघणार. मघाशी बघितलंत ना?" एवढं बोलून ते थांबले. आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण ते काय, ते सापडेना. "बाकीचं कारण अजून मलाच कळलं नाहीये. कळलं तर कळवतो."

छोटी डॉक्टरनं नाक ओढलं, कागदावर सही केली आणि जाता जाता डॉक्टरांच्या पायावरची चादर नीट केली. कशाला, तर पाय उघडा होता म्हणून. मग "आलेच हं" म्हणाली आणि सात नंबरकडे गेली.

बायको मात्र जागच्या जागी उभी राहिली होती. "म्हणजे? तुम्ही खरंच घरी बसणार?"

"तुला तेच हवं होतं ना?"

"मला? अहो, मला वाटलं तुम्ही राहणारच. मी तीन दिवसांच्या शिकवण्या घेऊन बसलेय! सोमवारपासून. घरी मी नसणारच."

इतक्या वर्षांच्या संसारात एवढी स्पष्ट गोष्ट दोघांनी एकमेकांना सांगितली नव्हती, कारण दोघांनाही दुसऱ्याचं मन पक्कं ठाऊक होतं. "मग मी घरी काय करू?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही..." बायको म्हणायला गेली आणि थांबली. "बघू. आधी घरी तर चला."

नियमाप्रमाणे सुटी मिळालेल्या पेशंटाला चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत सोडतात. डॉक्टरांनी हुज्जत घातली, पण मामांनी ऐकलं नाही. शर्ट कापलेला होता म्हणून अंगात इस्पितळाचा फिकट अंगरखा, मांडीवर कुणीतरी दिलेला फुलांचा गुच्छ. बायको मागे उरलेला केक घेऊन. निरोपाला सगळे ओळीनं उभे राहतील असं डॉक्टरांना वाटलं होतं, पण सिस्टर कुणाला तरी सुई लावत होत्या, त्यांनी मान वर न करता "सांभाळून हो डॉक्टर" म्हटलं. छोटी पडद्याआड होती. तिचा फक्त आवाज येत होता, आणि तो आता चांगलाच चढा लागला होता.

"साहेब," खुर्ची ढकलता ढकलता मामा म्हणाले, "ते मघापासून राहिलंय. मी त्या दिवशी काय केलं होतं, तर..."

झडपांच्या दारातून बाहेर येतात न येतात तोच समोर एक गाडी करकचून थांबली. त्यातून एक माणूस म्हाताऱ्या आईला उचलून बाहेर काढायला लागला. मामांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा खुर्चीत बसलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

"साहेब, उठता का जरा? खुर्ची हवीय."

डॉक्टर चटकन उठले. म्हातारी खुर्चीत बसली, मामा तिला घेऊन आत धावले. झडपा हलत राहिल्या. मुलगा मागोमाग निघाला, पण पायरीशी अडखळला आणि अंगरख्यातल्या, हातात फुलं घेतलेल्या या पेशंटापाशी थांबला.

"काका, तुम्ही इथंच होता का भरती?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "हो," ते म्हणाले. "बरेच दिवस."

"डॉक्टर कसे आहेत हो इथले? आईला श्वास लागलाय."

"आत एक एवढीशी आहे, तिलाच गाठा. ओरडेल. पण ती सांगेल ते ऐका."

मुलगा आत पळाला. डॉक्टर दारापाशी तसेच उभे राहिले. आत जावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. बायकोनं केकचा डबा एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं त्यांच्या पाठीवर उघडी राहिलेली अंगरख्याची नाडी बांधली आणि म्हणाली, "गाडी त्या बाजूला आहे."